नागपूरच्या खालचे पाणी

नागपूर शहराचा उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे आहे. अंबाझरीवर पाऊस कोसळला की पाणी पारडीच्या दिशेने धावते. धरमपेठेतल्या मोरीत सकाळी ओतलेली बादली काही तासांत शहराच्या पूर्व टोकाला, भांडेवाडीच्या शिवारात पोहोचते. शहराचा नकाशा या उतारावर ठेवून पाहिला की बरेच काही उलगडते. वर तलाव, विद्यापीठ, सिव्हिल लाइन्स, झाडीतले बंगले. खाली कळमन्याचा बाजार, पारडी, भांडेवाडीचे डम्पिंग यार्ड आणि त्याच्या शेजारी सांडपाणी शुद्धीकरणाचे प्रकल्प. त्याच्याही खाली, महापालिकेची हद्द संपल्यावर, कुही तालुक्यातली शेते, कन्हान, वैनगंगा आणि गोसेखुर्दचा अफाट जलाशय. आम्हा नागपूरकरांना हद्दीपर्यंतचा नकाशा पाठ आहे. मला लिहायचे आहे ते हद्दीपलीकडच्या नकाशाबद्दल.

नाग नदी लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरी तलावात येते आणि तिथल्या सांडव्यावरून शहरात शिरते. शहरातला तिचा प्रवास सुमारे १७ किलोमीटरचा. गोरेवाड्याकडून येणारी पिवळी नदी उत्तर नागपूर ओलांडून पूर्वेला तिला मिळते. दक्षिणेकडचे पाणी पोहरा नदी घेऊन जाते. नाग पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगा वर्धेशी एकरूप होऊन प्राणहिता या नावाने सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. म्हणजे सीताबर्डीच्या एखाद्या हॉटेलातले खरकटे पाणी, तत्त्वतः, बंगालच्या उपसागरापर्यंतचा प्रवासी आहे. वाटेत महाराष्ट्रातलेच भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली असे तीन जिल्हे लागतात.

एप्रिल-मे महिन्यात पंचशील चौकाच्या पुलावर उभे राहून खाली पाहावे. पावसाचे पाणी संपलेले असते, अंबाझरीचा सांडवा कोरडा असतो, तरी नदी वाहत असते. ते वाहणारे पाणी आपलेच आहे. स्वयंपाकघराचे, न्हाणीघराचे, संडासाचे. इथे त्याचा रंग राखाडी दिसतो, कडेला साबणाचा फेस असतो. मोक्षधाम, अशोक चौक, जगनाडे चौक, नंदनवन करत ते पुढे सरकते आणि पारडीला पोहोचेपर्यंत काळे होते. हा काळा रंग वरून कोणी ओतलेला नसतो. पाण्यातली घाण खाताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. तो संपला की प्राणवायूवाचून जगणारे दुसरे जिवाणू कामाला लागतात, त्यांच्यामुळे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. पुलावर येणारा सडक्या अंड्यांचा वास त्याचाच. तोच सल्फाइड पाण्यातल्या लोहाला धरतो आणि काळा गाळ बनतो. तळातून बुडबुडे वर येतात. नदी काळी दिसते तेव्हा तिच्यात श्वास घ्यायला काहीच उरलेले नसते, एवढा त्याचा साधा अर्थ.

नागपूरला पेंच आणि कन्हान मिळून रोज सहाशे एमएलडीच्या वर पाणी येते. एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असा सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीचा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने शहराचे सांडपाणी पाचशे एमएलडीच्या घरात जाते. या आकड्यांच्या बाबतीत नागपूर अडाणी शहर नाही. १९५८ साली देशाने सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संशोधन संस्था इथेच उभारली, तीच १९७४ पासून ‘नीरी’ म्हणून ओळखली जाते. सांडपाण्यावर भारतात झालेल्या संशोधनाचा मोठा वाटा याच शहरातल्या प्रयोगशाळांतून निघाला आहे. शास्त्र दाराशी होते, आणि पुढे पैसाही आला.

पैसा आला तो कोराडीहून. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राचा विस्तार ठरला, ६६० मेगावॉटचे तीन संच. एवढ्या संचांना थंड ठेवायला रोज प्रचंड पाणी लागते, आणि पेंचच्या पाण्यावर आधीच तिघांचा दावा होता: शेतकऱ्यांचा, शहराचा आणि वीज केंद्रांचा. त्यातून नागपूर महापालिका आणि महानिर्मिती यांच्यात असा करार झाला की शहराने सांडपाणी द्यायचे आणि वीज कंपनीने ते शुद्ध करून वापरायचे. प्राथमिक अभ्यासाला अमेरिकेच्या ‘यूएसएड’ने मदत केली, केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून अनुदान मिळाले. भांडेवाडीला १३० एमएलडीचा प्रकल्प उभा राहिला, तिथून पाइपलाइनने पाणी उत्तरेला कोराडीपर्यंत गेले, आणि त्या बदल्यात महापालिकेला वर्षाला १५ कोटी रुपये मिळायचे ठरले. नवे संच २०१५ ते २०१७ या काळात सुरू झाले. नंतर भांडेवाडीतलाच जुना १०० एमएलडीचा प्रकल्प खासगी भागीदारीतून २०० एमएलडीचा करण्यात आला, त्याचेही पाणी वीज केंद्रांकडे वळले. दोन्ही मिळून क्षमता ३३० एमएलडी.

या कराराचे मोल नीट समजून घ्यायला हवे. आपल्याकडे सांडपाणी प्रकल्प बांधले जातात आणि मग बंद पडतात, ही जुनीच रड आहे. टाक्यांत हवा भरणारे ब्लोअर अखंड वीज खातात, एका प्रकल्पाच्या वीजबिलाचा निम्म्याहून अधिक भाग त्यांचाच असतो. नगरपालिकेची तिजोरी आटली की पहिला हात त्या बिलावर पडतो. प्रकल्प महिनाभर बंद राहिला तरी शहरात कोणाच्या लक्षात येत नाही, कारण त्याचा परिणाम खालच्या गावात दिसतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ एमएलडी सांडपाणी तयार होते आणि शुद्धीकरणाची उभारलेली क्षमता ३१,८४१ एमएलडी आहे, म्हणजे निम्म्याहूनही कमी. नागपूरने यावर एक उत्तर शोधले. शुद्ध केलेल्या पाण्याची वाट पाहणारा गिऱ्हाईक असला, तर प्रकल्प बंद ठेवता येत नाही. भांडेवाडीचा पंप थांबला तर कोराडीच्या मनोऱ्यांची तहान भागत नाही, आणि मग मंत्रालयापर्यंत फोन जातो. पुढे २८ जानेवारी २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणात तरतूद आली, ती अशी की सांडपाणी प्रकल्पापासून ५० किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक केंद्रांनी तेच शुद्ध केलेले पाणी वापरावे. ही दिशा नागपूरने आधीच धरली होती. याचा मला नागपूरकर म्हणून अभिमान वाटतो, आणि पुढे जे लिहिणार आहे ते हा अभिमान बाजूला ठेवून नाही.

सांडपाणी प्रकल्पाच्या आत काय चालते, हे नागरिकांनी एकदा तरी पाहायला हवे. शाळांच्या सहली तिथे न्याव्यात असे मला फार वाटते. पहिल्या जाळीवर शहर ओळखता येते: खर्र्याच्या पन्न्या, शाम्पूच्या पुड्या, चिंध्या, केसांचे गुंते, सॅनिटरी पॅड, निर्माल्यातल्या नाड्या. जाळीनंतर वाळू खाली बसवतात, कारण वाळू पंपांची पाती खाते. मग खरे काम करणाऱ्या टाक्या येतात. तळातून हवा सोडलेली असते, तपकिरी पाणी उकळल्यासारखे घुसळत असते आणि त्यात अब्जावधी जिवाणू शहराची घाण खात असतात. ही पद्धत एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी १९१४ मध्ये मँचेस्टरला मांडली. मूळ कल्पना आजही तीच आहे. नदी जे काम शंभर किलोमीटरच्या प्रवासात करते ते काही तासांत, एका टाकीत, भरपूर हवा देऊन करायचे.

प्रकल्प नीट चालतो की नाही हे कळण्यासाठी तिथला ऑपरेटर रोज एक साधी परीक्षा घेतो. घुसळणाऱ्या टाकीतले पाणी एक लिटरच्या मोजपात्रात भरायचे आणि अर्धा तास हात लावायचा नाही. जिवाणूंचे पुंजके हळूहळू खाली बसतात. गाळाची रेघ अडीचशे-तीनशे मिलिलिटरच्या आसपास स्थिरावली आणि वरचे पाणी निवळशंख दिसले, तर जिवाणूंचे कुटुंब सुखी आहे. गाळ खाली बसेना, वर तरंगू लागला, किंवा पाणी गढूळच राहिले, तर टाकीत काहीतरी बिनसले आहे: हवा कमी पडली, कुठून तरी ॲसिड आले, कारखान्याने रात्री रसायन सोडले, नाहीतर गाळ वेळेवर उपसला गेला नाही. अनुभवी ऑपरेटर रंग आणि वास यांवरून निदान करतात. मातीसारखा वास असावा, तपकिरी रंग असावा. काळा रंग आणि कुबट वास म्हणजे धोक्याची घंटा. लाखो लोकांच्या संडासातले पाणी मातीच्या वासापर्यंत आणणारे हे लोक तीन पाळ्यांत काम करतात आणि शहराला त्यांची माहितीही नसते.

प्रश्न भांडेवाडीच्या भिंतींच्या आत नाही. प्रश्न त्या भिंतींपर्यंत काय पोहोचते आणि काय पोहोचत नाही, याचा आहे.

पाचशेतून ३३० वजा करा. दोन्ही प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालले तरी शहराच्या सांडपाण्याचा तिसरा हिस्सा जसाच्या तसा खाली जातो. पावसाळ्यात तर मोजदादच अवघड, कारण गडर आणि पावसाळी नाले यांचे पाणी एकमेकांत मिसळलेले असते. जुन्या नागपूरच्या गडरलाइन कित्येक दशकांपूर्वीच्या आहेत, दबलेल्या, फुटलेल्या, कुठे घरांच्या पायाखाली गेलेल्या. शहर चहूबाजूंनी वाढले ते गुंठेवारीच्या ले-आउटांतून. आधी प्लॉट विकले गेले, मग घरे झाली, मग वीज आणि रस्ता आला, आणि गडरलाइन सगळ्यांत शेवटी. तोवर घरामागे संडासाची टाकी, टाकीतून बाहेर आलेला पाइप थेट जवळच्या नाल्यात. असे शेकडो नाले नाग, पिवळी आणि पोहरेत उतरतात. त्यामुळे भांडेवाडीच्या प्रकल्पांना बंद गडरीतले सांडपाणी पुरेसे मिळत नाही, नदीच्या प्रवाहातूनच पाणी उचलावे लागते. याचा अर्थ असा की आपल्या व्यवस्थेत नाग नदी हीच शहराची मुख्य गडरलाइन आहे. अंबाझरी ते भांडेवाडी हे सगळे अंतर तिने मैला वाहून न्यायचा, मग शेवटच्या टोकाला त्यातला काही भाग उचलायचा. नदीकाठी राहणाऱ्या वस्त्यांना या शुद्धीकरणातून काही मिळत नाही.

आणि हद्दीपलीकडच्या गावांना काय मिळते? शुद्ध झालेले पाणी उत्तरेला वीज केंद्रांकडे जाते. पूर्वेला, नदीच्या अंगाने, जाते ते न उचललेले पाणी. घाणीचा एकूण भार पूर्वीपेक्षा नक्कीच कमी झाला, हे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु जे उरते ते पातळ करायला चांगले पाणी नदीत नसते. उन्हाळ्यात कुहीच्या शेतकऱ्याच्या मोटरपंपाला येणारे पाणी म्हणजे शुद्ध न केलेला उरलेला हिस्सा. चांगला वाटा विकला गेला, वाईट वाटा नदीला मिळाला, असा या कराराचा खालच्या बाजूने दिसणारा हिशेब आहे. पेंचचे जे पाणी वीज केंद्रांकडून वाचले, तेही शहराच्या आणि शेतीच्या कामी आले. जुलै २०१९ मध्ये पेंचवरचा तोतलाडोह जलाशय आटला आणि नागपुरात एक दिवसाआड पाणी सोडावे लागले, तेव्हा या बचतीची किंमत सगळ्यांना कळली. पण या बचतीतला एक थेंबही नागच्या खालच्या पात्राला देण्याची तरतूद कोणी केलेली नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. रोगराई, संकटे, समाजातल्या वाईट गोष्टी सगळ्या घेऊन जा, असे ओरडत अख्खे शहर तिच्यामागे धावते. ही आपली लाडकी परंपरा आहे आणि राहो. मात्र नाग नदीची आपण रोजची मारबत केली आहे. जे नको ते तिच्या स्वाधीन करायचे आणि हद्दीबाहेर गेले की सुटलो म्हणायचे. मारबतीचे शेवटी दहन होते, तिथे गोष्ट संपते. नदी मात्र पुढच्या गावात जाते.

पुढचे गाव म्हणजे अखेर अंभोरा. कुही तालुक्याच्या टोकाला, टेकडीवर चैतन्येश्वराचे मंदिर, आणि पायथ्याशी कन्हान व इतर नद्या वैनगंगेला मिळतात. मराठीतल्या आद्य ग्रंथांत गणला जाणारा ‘विवेकसिंधु’ मुकुंदराजांनी शके १११० मध्ये रचला असे मानतात, आणि तो याच अंभोऱ्याला लिहिला गेला असे विदर्भातली परंपरा सांगते. अंबाजोगाईचाही तसा दावा आहे, तो वाद अभ्यासकांनी चालवावा. आज त्या संगमावर नवा देखणा पूल झाला आहे, पर्यटक येतात, बोटी फिरतात. खालचे पाणी आता नदीचे राहिलेले नाही, ते गोसेखुर्दचे फुगवटा-पाणी आहे.

गोसेखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अडीच लाख हेक्टरच्या सिंचनासाठी हे धरण आहे, आणि त्यासाठी भंडारा-नागपूर जिल्ह्यांतली गावेच्या गावे उठली. वैनगंगा वाहती होती तोवर नागपूरची घाण तिच्यात विरत, वाहत, थोडीबहुत स्वच्छ होत पुढे जात असे. धरणाने पाणी अडवले आणि हे चक्र बदलले. साचलेल्या पाण्यात गाळ खाली बसतो. सांडपाण्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस तिथेच राहतात. मलमूत्र आणि साबण-पावडरींतून येणारे हे घटक म्हणजे पाणवनस्पतींचे खत. त्यातून जलपर्णीचे हिरवे गालिचे पसरतात, खाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही, आणि वनस्पती कुजल्या की पुन्हा प्राणवायू संपतो. मासा उथळ, निवळ पाण्यात अंडी घालतो. ते पाणीच उरत नाही. वैनगंगेच्या काठचा ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या या माशांवर जगत आला आहे. त्याचे जाळे जलपर्णीत अडकते, होडी पुढे सरत नाही. धरणासाठी ज्यांनी गाव सोडले, त्यांच्याच वाट्याला हे पाणी यावे, हा दुहेरी अन्याय आहे. जलाशयाचा फुगवटा वर भंडाऱ्याच्या दिशेने पसरतो आणि पिण्याच्या पाण्यात नागपूरची घाण येते, ही भंडारेकरांची कित्येक वर्षांची तक्रार आहे. त्यांचा नगरसेवक भंडाऱ्यात निवडून येतो, नदीत मैला सोडणारे शहर नागपुरात आहे. कोणत्या महापालिकेच्या दारात त्यांनी धरणे धरायचे?

खालच्या बाजूला ढकलून प्रश्न सोडवल्याचा भास फार जुना आहे. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये थेम्सची दुर्गंधी पार्लमेंटच्या खिडक्यांत शिरली, तेव्हा जोसेफ बॅझलगेट यांच्या देखरेखीखाली नदीला समांतर मोठाली भुयारी गटारे बांधली गेली. शहर वाचले, कॉलऱ्याच्या साथी आटोक्यात आल्या. पण त्या गटारांनी मैला नेऊन सोडला तो शहराच्या पूर्वेला, खालच्या अंगाला, शुद्ध न करता. ३ सप्टेंबर १८७८ रोजी ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही प्रवासी बोट त्या गटारांच्या मुखांजवळच दुसऱ्या जहाजाची धडक बसून बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली, आणि ती ज्या पाण्यात पडली ते नुकतेच सोडलेले सांडपाणी होते. त्यानंतर मैला वेगळा काढण्याचे काम तिथे सुरू झाले. पुण्याचे पाणी उजनीत आणि उजनीचे सोलापूरकरांच्या नळात, ही गोष्ट महाराष्ट्राला माहीत आहेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले प्रदूषित नदीपट्टे मोजले तेव्हा ३५१ पैकी ५३ एकट्या महाराष्ट्रात निघाले, सर्व राज्यांत सर्वाधिक. २०२२ च्या मोजणीतही आपला पहिला नंबर सुटला नाही.

नागपूरलाही खालच्या बाजूला असण्याचा अनुभव एकदा आला. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याजवळ वीज केंद्राच्या राख बंधाऱ्याला भगदाड पडले. राखेचा लोंढा शेतांत आणि नाल्यांत शिरला, कोलार आणि कन्हान नद्यांपर्यंत गेला. कन्हान म्हणजे नागपूरच्या पिण्याच्या पाण्याचा एक मोठा उद्भव. तिथल्या जलशुद्धीकरण केंद्राला त्या राखेशी झगडावे लागले, वस्त्यांचे पाणी अडले, आणि शहराने रास्त संताप व्यक्त केला. तो संताप योग्यच होता. भंडाऱ्याचा संतापही तितकाच योग्य आहे.

आता सरकारी मापांबद्दल थोडे. पाण्यातली घाण मोजायचे नेहमीचे माप म्हणजे बीओडी: पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती प्राणवायू खर्च करतात तो आकडा. आपल्याकडे ही चाचणी २७ अंश तापमानाला तीन दिवस ठेवून करतात. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरमागे दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो. ऑक्टोबर २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेने महानगरांतल्या प्रकल्पांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी बीओडीची मर्यादा २० ठेवली. राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात ती १० पर्यंत कडक करायला सांगितली. नदीत आंघोळ करता यावी यासाठी मात्र बीओडी ३ च्या आत आणि विरघळलेला प्राणवायू ५ च्या वर हवा. प्रकल्पाच्या नळाशी २० किंवा १० भरले की अधिकाऱ्याचे काम झाले, पण अंभोऱ्याला स्नान करणाऱ्या भाविकाचे काम ३ शिवाय होत नाही. १० आणि ३ यांमधली दरी भरून निघते ती नदीत चांगले वाहते पाणी असेल तरच. ते पाणी नसेल तर प्रकल्पाचा उत्तम अहवाल आणि मेलेली नदी, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात.

११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी नागपुरात नाग नदी प्रदूषण नियंत्रण प्रकल्पाची कोनशिला बसवली. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेतून १,९२५ कोटी रुपयांहून अधिक खर्च, जपानच्या ‘जायका’चे कर्ज, ९२ एमएलडीचे नवे शुद्धीकरण प्रकल्प आणि सुमारे ५०० किलोमीटरच्या गडरलाइनचे काम अशी त्याची रूपरेषा आहे. या यादीतली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ५०० किलोमीटरची गडर आहे, असे माझे ठाम मत आहे. ती दिसत नाही, तिच्यावर फीत कापता येत नाही, तिच्यासाठी रस्ते खोदावे लागतात आणि दुकानदार ओरडतात. पण घरातला पाइप बंद गडरीला जोडला गेला नाही, तर उरलेले सगळे काम व्यर्थ आहे. काठांवरचे दगडी घाट, दिवे, सायकल ट्रॅक हे नंतर पाहता येईल, आणि तेही पात्र न आवळता. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरीचा सांडवा धो-धो वाहिला आणि नागचे पाणी शंकरनगरपासून सीताबर्डीपर्यंत घरांत घुसले. लोक गेले, गाड्या वाहिल्या, तळमजल्यांत मैलामिश्रित गाळ साचला. पात्र आवळून बांधकामे केली की नदी काय करते, हे वरच्या वस्त्यांनाही त्या दिवशी दिसले.

या नाग नदी प्रकल्पात तीन गोष्टी हव्यात, असे मी आग्रहाने मांडतो. पहिली, शुद्ध केलेल्या पाण्याचा एक ठरावीक वाटा, उन्हाळ्यातसुद्धा, नदीला परत द्यावा. वीज केंद्रांना हवे तेवढे द्या, पण नदीचा वाटा करारात लिहून ठेवा, म्हणजे तो कोणाच्या मर्जीवर राहणार नाही. दुसरी, पाण्याची तपासणी प्रकल्पाच्या नळाशी थांबवू नये. पारडीच्या पुलाशी, नाग-कन्हान संगमाच्या आधी, अंभोऱ्याला आणि भंडाऱ्याच्या पाणीपुरवठ्याच्या उद्भवाशी दर महिन्याला नमुने घ्यावेत, आणि आकडे मराठीत ग्रामपंचायतींच्या फलकांवर लावावेत. ढिवराला बीओडी कळत नाही, असे समजू नका. मासा का मेला हे त्याला आपल्या आधी कळते. तिसरी, प्रकल्पावर देखरेख करणाऱ्या समितीत कुही आणि भंडाऱ्याचे प्रतिनिधी बसावेत. नागपूरच्या यशाची मोजणी नागपूरबाहेरच्या माणसांनी केली पाहिजे, कारण परिणाम त्यांच्या दारात आहे.

ज्या नागपूरकरांनी इथवर वाचले त्यांना एक विनंती आहे. आपल्या भागाच्या झोन कार्यालयात जा आणि एकच प्रश्न विचारा: माझ्या घराची गडर नेमकी कुठे जोडलेली आहे, भांडेवाडीला की नाल्याला? तोंडी उत्तरावर समाधान मानू नका. अर्ज द्या, पोच घ्या आणि उत्तर लेखी मागा. नाल्याला जोडलेली निघाली, तर ती गडरलाइनला जोडून घेण्याचा अर्ज त्याच दिवशी करा, आणि सोसायटीतल्या इतरांनाही सोबत न्या.